ऐंशी टक्क्यांची हिरवी पट्टी: गणिताचं सॉफ्टवेअर निवडताना एका संस्थेने काय काय तपासलं

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी दोन माध्यमिक शाळा चालवणारी ही संस्था. दोन्ही शाळा सेमी-इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. दोन्ही शाळा मिळून सहावीच्या चार तुकड्या, पट साधारण १६०. माजी विद्यार्थ्यांच्या गटाने ४० टॅबलेट आणि गणिताच्या सॉफ्टवेअरचा तीन वर्षांचा परवाना एवढा खर्च उचलायचं कबूल केलं. अट एकच होती: पैसे ३१ मार्चच्या आत खर्ची पडले पाहिजेत.

गणितच का, यावर फारशी चर्चा झाली नाही. सहावीत येणाऱ्या बहुतेक मुलांना पूर्ण संख्यांची बेरीज-वजाबाकी येते. गाडी अडते ती अपूर्णांक आणि दशांश अपूर्णांकांपाशी. हा पाया कच्चा राहिला की पुढे गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा सगळंच डुगडुगतं. निवडीसाठी समिती नेमली गेली: दोन्ही मुख्याध्यापिका, गणिताचे तीन शिक्षक, संगणकाचे एक सर आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतले एक अधिव्याख्याते. शाळा आणि कंपन्या ओळखू येतील असे तपशील इथे बदलले आहेत. सॉफ्टवेअरना अ, ब आणि क म्हटलं आहे.

अडचण

तिन्ही कंपन्यांनी एकाच शनिवारी डेमो दिले. संस्थाचालकांचा बेत साधा होता: डेमो बघायचे, शिक्षकांनी हात वर करायचे, भाव करायचा, ऑर्डर द्यायची. हात बहुतेक ‘अ’साठीच वर गेले असते. रंगीत, झटपट, बरोबर उत्तराला नाणी, सलग पाच दिवस खेळलं की बॅज. पंधरा दिवसांच्या फुकट वापरात मुलं तासाची घंटा झाली तरी टॅबलेट सोडेनात.

खीळ बसली ती एका वहीमुळे. ‘दशांश अपूर्णांकांची तुलना’ या घटकात ‘अ’च्या डॅशबोर्डवर हिरवी पट्टी आणि ‘पारंगत’ असा शेरा मिळालेल्या एका मुलीने घटक चाचणीत ०.४५ > ०.८ असं लिहिलं. बाईंनी विचारलं तर तिचं उत्तर तयार होतं: “पंचेचाळीस आठपेक्षा मोठे ना, बाई?” मग त्या बाईंनी हिरवी पट्टी मिळालेल्या इतर मुलांच्याही वह्या काढल्या. तीच चूक आणखी सात ठिकाणी सापडली.

ही चूक गणित-शिक्षणात चांगली परिचयाची आहे. दशांश चिन्हानंतरचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचायचे, म्हणजे जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी. ऑस्ट्रेलियात स्टेसी आणि स्टाइनले यांनी या आणि अशा इतर गैरसमजांची पद्धतशीर वर्गवारी केली आहे. चूक होणं साहजिकच आहे. प्रश्न असा होता की सॉफ्टवेअरला ती दिसली कशी नाही?

समोर असलेले पर्याय

समितीपुढे चार वाटा होत्या. मूळ बेताप्रमाणे मतदान करून मोकळं व्हायचं. शेजारच्या तालुक्यातल्या मोठ्या संस्थेने जे घेतलं तेच घ्यायचं. एक वर्ष थांबायचं, पण मग देणगी हातची जाणार. किंवा शिकण्याच्या प्रक्रियेबद्दल संशोधनातून जे पक्कं कळलं आहे, त्याच्या कसोटीवर तिन्ही सॉफ्टवेअर स्वतः घासून बघायची. चौथी वाट घेतली गेली, तीही ‘दिवाळीपर्यंतच’ या मुदतीवर.

सॉफ्टवेअर घ्यायचंच नाही, त्याच पैशांत छापील सरावपत्रिका आणि शिक्षकांसाठी जादा तास करायचे, हा पाचवा पर्याय कुणी मांडलाच नाही. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

कसोट्या: तत्त्व वाचायचं, पडद्यावर शोधायचं

शिकण्याच्या शास्त्रातली तत्त्वं माहितीपत्रकात छापायला सोपी असतात. तिन्ही कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ‘विज्ञानाधारित’ हा शब्द होताच. म्हणून अधिव्याख्यात्यांनी एक नियम घालून दिला: प्रत्येक तत्त्वाचं रूपांतर पडद्यावर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून बघता येईल अशा प्रश्नात करायचं. तसं करता येत नसेल तर ते तत्त्व यादीतून बाद.

पहिलं तत्त्व आठवून उत्तर देण्याचं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला किंवा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. पडद्यावर शोधायचा प्रश्न असा: मुलाला उत्तर स्वतः टाइप करावं लागतं, की चारांतून एक टिचकवलं की झालं? आणि पहिला प्रश्न येईपर्यंत किती मिनिटं नुसतं बघत बसावं लागतं?

दुसरं, सरावातलं अंतर. उजळणी मध्ये काही दिवस सोडून केली की शिकलेलं जास्त टिकतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसच्या १८८५च्या कामापासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८च्या अभ्यासानुसार महिन्याभराने आठवायचं असेल तर दोन सरावांमधलं अंतर दीड आठवड्याच्या आसपास असलेलं बरं. प्रश्न: एखादा घटक ‘पूर्ण’ झाल्यावर त्यातलं गणित पुन्हा कधी समोर येतं? दहा दिवसांनी? की कधीच नाही?

तिसरं, मिसळून केलेला सराव. यावर समितीने सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि ते योग्यच होतं. रोरर आणि टेलर यांनी २००७मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका प्रकारची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने चारही प्रकार मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के गणितं बरोबर आली, मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर, मिसळवाले ६३ वर. डॅशबोर्ड ज्या क्षणी टक्केवारी दाखवतो त्या क्षणी चांगलं दिसणारं सॉफ्टवेअर आठवड्याने वाईट ठरू शकतं, हे इथे स्पष्ट होतं. मिश्र सरावात मुलाला आधी ‘हे कुठल्या जातीचं गणित आहे’ हे ओळखावं लागतं. ‘भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज’ असा मथळा वर असला की ते काम मथळाच करून टाकतो.

चौथं, चुकीवरचा प्रतिसाद. प्रतिसाद दिला की फायदाच होतो, हा समज क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६मध्ये मोडून काढला. त्यांनी एकत्र केलेल्या अभ्यासांत सरासरी परिणाम चांगला होता, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी प्रतिसादामुळे कामगिरी घसरली. प्रश्न: प्रतिसाद चुकीविषयी काही सांगतो की फक्त मुलाविषयी? ‘शाब्बास’, ‘अरेरे’ हे दुसऱ्या प्रकारात मोडतात.

पाचवं, कार्यकारी स्मृतीवरचा ताण, म्हणजे एका वेळी डोक्यात किती गोष्टी धरून ठेवाव्या लागतात. नवशिक्यांना आधी सोडवलेली उदाहरणं दाखवणं फायद्याचं ठरतं, हे स्वेलर आणि कूपर यांनी १९८५मध्ये बीजगणितात दाखवलं होतं. मूल सरावलं की तीच उदाहरणं नुसती अडगळ होतात. म्हणून प्रश्न दुहेरी: नव्या घटकात सोडवलेलं उदाहरण मिळतं का, आणि जमायला लागल्यावर ते आपोआप मागे सरतं का?

‘क’च्या प्रतिनिधीने आपलं सॉफ्टवेअर प्रत्येक मुलाची ‘शिकण्याची शैली’, म्हणजे बघून, ऐकून की हाताळून, ओळखतं असा मुद्दा ठासून मांडला होता. तो यादीत घेतला गेला नाही. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये उपलब्ध संशोधन तपासून सांगितलं की शैलीनुसार शिकवल्याने शिकणं सुधारतं, याला पुरेसा आधार नाही.

तीन खोटे विद्यार्थी

या साऱ्या खटाटोपातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी युक्ती ही. संगणकाच्या सरांनी प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तीन बनावट खाती उघडली आणि गणिताच्या शिक्षकांनी तीन भूमिका वाटून घेतल्या.

‘हुशार’ सगळं बरोबर सोडवतो. ‘लांबवाला’ दशांशांत ज्या संख्येला अंक जास्त ती मोठी धरतो, आणि अपूर्णांकांच्या बेरजेत अंशात अंश, छेदात छेद मिळवतो, म्हणजे १/२ + १/३ = २/५. बाकी सगळं तो नीट करतो. ‘टिचक्या’ काहीच वाचत नाही. पहिला पर्याय, मग दुसरा, मग तिसरा, नाहीतर हिंटचं बटण सलग दाबत जातो. तिघांनीही आपली भूमिका सोडायची नाही, हा नियम. तो पाळणं वाटतं तितकं सोपं नाही. शिक्षकाचा हात सवयीने बरोबर उत्तराकडे जातो. म्हणून शेजारी एक जण वही घेऊन बसायचा. प्रत्येक प्रश्नाला सात रकाने: प्रश्न, प्रकार, दिलेलं उत्तर, सॉफ्टवेअरचा शब्दशः प्रतिसाद, पुढे आलेला प्रश्न, लागलेले सेकंद, डॅशबोर्डवर बदललेला आकडा. एकेका खात्याची दर दोन-तीन दिवसांनी अर्ध्या तासाची बैठक, तीन आठवडे.

‘अ’मध्ये ‘लांबवाला’ दशांशांच्या तुलनेत २० पैकी १६ गुण मिळवून पारंगत झाला. पारंगततेची रेघ होती ८० टक्के. असं कसं झालं ते वही उघडल्यावर कळलं. वीस प्रश्नांपैकी नऊ जोड्यांत दोन्ही संख्यांना सारखेच अंक होते, ०.४५ आणि ०.३७ यांसारखे, तिथे चुकीचा नियमही बरोबर उत्तर देतो. सात जोड्यांत जास्त अंकांची संख्या खरोखरच मोठी होती, उदाहरणार्थ ०.७५ आणि ०.५. गैरसमज उघडा पाडणाऱ्या जोड्या फक्त चार: ०.४५ व ०.८, २.५ व २.१५, ०.३ व ०.३०, १.०९ व १.१. या चारही चुकल्या, पण सोळा बरोबर आल्या आणि पट्टी हिरवी झाली. वहीतल्या त्या मुलीचं कोडं इथे सुटलं. दोष प्रश्नांच्या संख्येत नव्हता, निवडीत होता.

‘टिचक्या’ही ‘अ’मध्ये पुढे सरकत राहिला. चुकलं की तोच प्रश्न, त्याच चार पर्यायांसह पुन्हा येई, फक्त चुकलेला पर्याय राखाडी होई. चौथ्या टिचकीला उत्तर बरोबर येणारच, आणि कमी का होईना, नाणं मिळणारच. १/२ + १/३ ला २/५ दिल्यावर प्रतिसाद होता, ‘अरेरे! पुन्हा प्रयत्न करा’.

‘ब’ दिसायला रूक्ष. पांढरा पडदा, उत्तर टाइप करायचं. २/५ लिहिल्यावर दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या आल्या, एकीचे दोन आणि दुसरीचे तीन भाग, आणि खाली विचारलं: ‘हे भाग सारख्या मापाचे आहेत का? २/५ हे १/२ पेक्षा लहान आहे, मग बेरीज लहान कशी झाली?’ तीन प्रश्नांनंतर त्याच जातीचं, पण वेगळ्या संख्यांचं गणित पुन्हा आलं. हिंट तीन पायऱ्यांच्या. शेवटची उत्तरच सांगते. मात्र तसं सोडवलेलं गणित ‘मदतीने’ या रकान्यात जाई आणि पारंगततेत धरलं जात नसे. हिंटचा असा गैरवापर मुलं सर्रास करतात. त्यावर बेकर आणि सहकाऱ्यांनी २००४पासून बरंच लिहिलं आहे.

पण ‘ब’मध्येही खोट होती. घटक पूर्ण झाला की तो पुन्हा येत नसे, आणि सराव मुळात एकेका प्रकारचा सलग. ‘मिश्र सराव’ अशी सोय होती, पण शिक्षकांच्या खात्यात तीन पडदे आत, आणि मुळात बंद ठेवलेली. शिवाय प्रश्न वाचून दाखवणारा आवाज ०.४५ हे ‘पॉइंट फोर्टी-फाइव्ह’ असं वाचत होता. म्हणजे जो गैरसमज काढायचा तोच कानात भरत होता.

‘क’मध्ये पहिला प्रश्न सात मिनिटांच्या चित्रफितीनंतर येई. मागे संगीत, निवेदकाचं प्रत्येक वाक्य पडद्यावर जसंच्या तसं. बोललेलं आणि लिहिलेलं एकदमच दिलं की ताण वाढतो, असं चित्र आणि शब्द एकत्र वापरून शिकण्यावर संशोधन करणाऱ्या मायर यांच्या कामातून दिसतं. पण दुसऱ्या भाषेतून शिकणाऱ्यांना लिखित मजकुराचा आधार होतो, हा अपवादही त्याच परंपरेत नोंदलेला आहे. सेमीच्या मुलांना तो लागू होतो, म्हणून समितीने मजकुराबद्दल ‘क’चे गुण कापले नाहीत. कापले ते प्रश्नांबद्दल: बहुतेक प्रश्नांत चित्रफितीतलंच उदाहरण तेच आकडे घेऊन विचारलं होतं. ‘क’ इथेच मागे पडलं.

पहिला अवघड निर्णय: बेरीज की चाळणी

समितीची मूळ गुणपत्रिका १०० गुणांची होती. बारा निकष: आशय, चित्रं, ऑफलाइन चालणं, किंमत, मराठी सूचना, प्रतिसाद वगैरे. बेरीज केली तर ‘अ’ला ७१, ‘ब’ला ६६. लांबवाल्याला पारंगत ठरवणारं सॉफ्टवेअर चित्रं आणि ऑफलाइन सोयीच्या गुणांवर वर आलं. बेरजेत हा धोका असतोच: एका जागची जीवघेणी उणीव दुसरीकडच्या किरकोळ गुणांनी झाकली जाते.

अधिव्याख्यात्यांनी सुचवलं की आधी चाळण्या लावाव्यात, बेरीज फक्त त्यांतून उतरलेल्यांची करावी. चाळण्या चार ठरल्या. लांबवाला पारंगत ठरता कामा नये. टिचक्या पुढे सरकता कामा नये. चुकल्यावर त्याच जातीचा पण नवा प्रश्न आला पाहिजे. जुने घटक मिसळून देण्याची सोय शिक्षकाच्या हातात असली पाहिजे. ‘अ’ पहिल्या तीन चाळण्यांत अडकलं.

‘अ’च्या प्रतिनिधीने हरकत घेतली: गुण दिल्यावर नियम बदलले. हरकत रास्त होती. समितीतल्या दोघांचं म्हणणं होतं की ती सरळ फेटाळावी, कारण चाळण्या बरोबरच आहेत. मुख्याध्यापिकांनी मधला मार्ग काढला: ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही वर्गात चालवायची आणि निकाल कागदावरच्या चाचणीने लावायचा. तीन आठवड्यांच्या नोंदी हाताशी असताना हे जास्तीचं काम होतं, पण संस्थाचालकांना पटवायला नोंदवहीपेक्षा मुलांचे गुण उपयोगी पडणार, हा हिशोब त्यामागे होता.

‘अ’ने दिल्लीतल्या माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरवरच्या अभ्यासाचाही दाखला दिला होता. तो अभ्यास खरा आणि भक्कम आहे. मुरलीधरन, सिंग आणि गनिमियन यांनी २०१९मध्ये तो प्रसिद्ध केला. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ प्रमाण विचलनाइतकी (मुलामुलांच्या गुणांत एरवी जो फरक असतो त्याच्या मापाने मोजलेली) वाढ दिसली. पण तो दुसऱ्याच सॉफ्टवेअरवरचा. आणि तिथे मुलं शाळेबाहेरच्या केंद्रांत आठवड्याचे सहा दिवस येत. रोज ४५ मिनिटं सॉफ्टवेअर आणि ४५ मिनिटं लहान गटात शिकवणी. या संस्थेत आठवड्याला ३५ मिनिटांचे दोनच तास टॅबलेटला मिळणार होते.

केलेली कृती: सहा आठवड्यांची चाचपणी

प्रत्येक शाळेला २० टॅबलेट, तुकडीत सुमारे ४० मुलं. सुरुवातीला एका टॅबलेटवर दोघं बसवून पाहिलं. दोनच दिवसांत ते बंद केलं: एक जण टिचकवतो, दुसरा बघतो, आणि सॉफ्टवेअर दोघांच्या मिसळलेल्या उत्तरांवरून तिसऱ्याच कुणाची तरी पातळी ठरवतं. मग तुकडी हजेरी क्रमांकांनी विभागली. सम क्रमांकांना ‘अ’, विषम क्रमांकांना ‘ब’. अर्धी तुकडी टॅबलेटवर असताना उरलेली अर्धी शिक्षकांसमोर, पुढच्या तासाला अदलाबदल. दोन्ही गटांना तेच शिक्षक आणि तेवढाच वेळ: प्रत्येक मुलाला आठवड्याला टॅबलेटचे दोन तास, एकूण १२.

टॅबलेटवर गणित करताना वही उघडी ठेवायची सक्ती केली. ती नसेल तर मुलं तोंडी अंदाज बांधून उत्तर टाकतात आणि पायऱ्या कुठेच उरत नाहीत. तास संपताना टॅबलेट लगेच बंद करायचे नाहीत, हाही नियम नंतर करावा लागला. हॉटस्पॉटवर माहिती चढायला दोन-तीन मिनिटं लागत. त्याआधी लॉगआउट केलं की त्या तासाच्या नोंदी जात. पहिल्या आठवड्यातल्या एका तुकडीच्या नोंदी अशाच गेल्या.

मुलं १८ वर्षांखालची, त्यामुळे २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा विचार करून पालकसभेत मराठीतून संमतीपत्र घेतलं. खात्यांत फक्त शाळेने दिलेला क्रमांक घातला. पालकांचे मोबाइल नंबर दिले नाहीत.

चाचणी २० गुणांची, कागदावर. ती शाळेबाहेरच्या एका शिक्षकाने काढली, ज्याने दोन्हींपैकी एकही सॉफ्टवेअर पाहिलं नव्हतं. चाचणी तीनदा घेतली, दरवेळी आकडे बदलून: सुरुवातीला, सहा आठवडे संपल्यावर दुसऱ्या दिवशी, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात. सुट्टीने उशिराच्या चाचणीची सोय आयतीच करून दिली. दशांश तुलनेच्या सहा प्रश्नांपैकी चार गैरसमज पकडणारे होते, आणि दोन मोजपट्टीवरचे: १.५ मीटर आणि १.३५ मीटर कापडांपैकी लांब कुठलं, या धर्तीचे.

निकाल

तिन्ही चाचण्यांना १४८ मुलं बसली. सुरुवातीला दोन्ही गट ८ गुणांच्या आसपास. सहा आठवड्यांनंतर ‘अ’ गट १३ च्या किंचित वर, ‘ब’ गट किंचित खाली. त्याच दिवशी निर्णय घेतला असता तर ‘अ’ घेतलं गेलं असतं; मुलांची आवड, शिक्षकांची आवड आणि गुण, तिन्ही एकाच बाजूला होते. दिवाळीनंतर ‘अ’ गट १० वर घसरला आणि ‘ब’ गट १२ च्या जवळ टिकला. फरक मुख्यतः दशांश तुलनेत आणि भिन्नछेद बेरजेत होता. समच्छेद बेरजेत दोघांत काहीच फरक नव्हता.

यावरून फार मोठा दावा करता येत नाही. एकाच वर्गात बसणारी मुलं एकमेकांना सांगतात. शेवटचे दोन आठवडे शिक्षकांनी ‘ब’मधला मिश्र सराव चालू केला होता, त्यामुळे टिकलेले गुण ‘ब’चे की मिश्र सरावाचे, हे वेगळं काढता येत नाही. ‘अ’च्या बाजूचा मुद्दाही खरा होता: मुलं ते घरीही उघडत. पण त्या नोंदी बघितल्या तर रात्री दहानंतरची उत्तरं संशयास्पद वेगाने बरोबर येत होती. घरातलं मोठं कुणीतरी नाणी कमावत असावं.

दुसरा अवघड निर्णय: करार

समितीने ‘ब’ निवडलं, पण तीन वर्षांसाठी नाही. देणगीदारांशी बोलून पैसे संस्थेच्या स्वतंत्र खात्यात मार्चपूर्वी जमा करून घेतले आणि करार एक वर्षाचा केला. कंपनीने त्यासाठी दर वाढवला. तो मान्य केला, कारण तीन वर्षांचे पैसे आधीच दिले की दुरुस्तीसाठी कंपनीवर दबाव राहत नाही. करारात तीन गोष्टी लेखी घेतल्या: दरमहा प्रत्येक उत्तराची नोंद स्प्रेडशीटमध्ये मिळावी, ०.४५ चं वाचन ‘पॉइंट फोर फाइव्ह’ असं व्हावं, आणि मिश्र सराव मुळातच चालू असावा. वाचन दुरुस्त व्हायला दोन महिने लागले; तोवर आवाज बंद ठेवला. तिसरी गोष्ट वर्षाअखेरीसही झाली नव्हती, त्यामुळे प्रत्येक नव्या तुकडीला ती हाताने चालू करावी लागते.

जुने घटक आपोआप परत येण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये नव्हती, ती वेळापत्रकात केली. दर शुक्रवारी शिक्षक दहा प्रश्न नेमून देतात: चार गेल्या आठवड्यातले, चार तीन आठवड्यांपूर्वीचे, दोन पहिल्या सत्रातले. तयारीला पंधरा मिनिटं पुरतात. एका शाळेत हे वर्षभर चाललं. दुसऱ्या शाळेत गणिताचे सर निवडणुकीच्या कामावर गेले, बदली शिक्षकांना पासवर्डच माहीत नव्हता आणि पाच शुक्रवार रिकामे गेले. पुढच्या घटक चाचणीत त्या तुकडीचा दशांश पुन्हा ढासळला होता.

अर्धी तुकडी टॅबलेटवर, अर्धी शिक्षकांसमोर ही रचना टॅबलेट कमी होते म्हणून आली होती. ती तशीच ठेवली गेली. वीस मुलांच्या गटात शिक्षकांना आदल्या दिवशीच्या चुका घेऊन बसता येतं, आणि कुणाला घेऊन बसायचं हे ‘ब’ची स्प्रेडशीट सांगते.

वेगळं काय करता आलं असतं

चाळण्या डेमोच्या आधीच ठरवायला हव्या होत्या. तसं झालं असतं तर ‘अ’ची हरकत आलीच नसती आणि कदाचित वर्गातली चाचपणी फक्त ‘ब’ची, जास्त नीट, करता आली असती. खोट्या विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी तीन आठवडे लागले, त्यातली बहुतेक माहिती पहिल्या आठवड्यातच हाती आली होती. फक्त ‘जुना घटक परत येतो का’ हे बघायला तेवढे दिवस हवेत, आणि ते काम एकट्या ‘हुशार’ खात्यानेही भागलं असतं.

मिश्र सराव चाचपणीच्या मध्येच चालू करणं ही शिक्षकांची चांगल्या हेतूने झालेली ढवळाढवळ. सेटिंग पहिल्या दिवशी लिहून, सही करून, सहा आठवडे गोठवायला हवं होतं.

सगळ्यात मोठी राहिलेली गोष्ट म्हणजे तिसरा गट. ‘ब’ हे ‘अ’पेक्षा बरं, एवढंच या प्रकरणातून कळलं. मिश्र प्रश्नांची छापील सरावपत्रिका, गैरसमज पकडणाऱ्या जोड्या, दुसऱ्या दिवशी तपासलेली वही आणि तेच शुक्रवारचे दहा प्रश्न, एवढ्यावर मुलं कुठवर गेली असती, याचं उत्तर संस्थेकडे नाही. नूतनीकरणाआधी ते मिळवायचं ठरलं आहे. पुढच्या जूनमध्ये प्रत्येक शाळेतली एक तुकडी पहिलं सत्र छापील पत्रिकांवर चालेल, चाचणीचा आराखडा तोच राहील, आणि तिसरी चाचणी पुन्हा दिवाळीनंतर होईल. पत्रिका काढायचं काम वही दाखवणाऱ्या त्या बाईंकडे आहे. दशांश तुलनेच्या वीस जोड्यांपैकी किमान बारा गैरसमज पकडणाऱ्या असाव्यात, एवढीच सूचना त्यांना दिली आहे.